नष्ट करायचा गठ्ठा

अमरावती विद्यापीठाच्या कचऱ्याचा विचार मार्डी रोडवरच्या आवारापासून सुरू करण्यापेक्षा चांदूर रेल्वे या तालुक्याच्या गावापासून सुरू केलेला बरा. १ मे १९८३ रोजी हे विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. त्यामुळे विद्यापीठाचं कार्यालय एका इमारतीत मावत नाही. ते प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजातल्या त्या एका खिडकीपर्यंत पसरलेलं आहे, जिच्यासमोर जून-जुलैत प्रवेशाची आणि पुढे वर्षातून दोनदा परीक्षा अर्जांची रांग लागते. विद्यापीठाचा बहुतेक कागद या खिडक्यांवर जन्माला येतो, अमरावतीला जातो आणि पुढे कधीतरी रद्दी होतो. कधी होतो, कोणाच्या सहीने होतो आणि मग कोणाच्या हातात पडतो, हे तीन प्रश्न या लेखाचा विषय आहेत.

मी हे मुद्दाम सांगतो, कारण शैक्षणिक संस्थांतल्या कचऱ्याची चर्चा आपल्याकडे हमखास डब्यांवर येऊन थांबते. हिरवा डबा, निळा डबा, भिंतीवर फलक, उद्घाटनाचा फोटो. डबे हवेत, याबद्दल वाद नाही. पण कार्यालयातला जो कागद डब्यात पडतो तो एकूण कागदाचा अगदी लहान भाग असतो. मोठा भाग डब्यापर्यंत पोचतच नाही. तो कपाटात असतो, कपाटावर असतो, जिन्याखाली असतो, बंद पडलेल्या प्रयोगशाळेत असतो.

घुईखेडची किंवा मांजरखेडची मुलगी बीएच्या परीक्षेचा अर्ज भरायला चांदुरात येते. अर्ज ऑनलाइन आहे. ती नेट कॅफेत बसून तो भरते, पैसे भरते, मग त्याच अर्जाची प्रिंट काढते, पावतीची प्रिंट काढते, मागच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडते, आधार कार्डाची जोडते, लागला तर जातीच्या दाखल्याची जोडते आणि हा संच कॉलेजच्या खिडकीवर देते. जी माहिती संगणकावर आधीच पोचली आहे तीच पुन्हा कागदावर पोचते. राज्य सरकारने २०१५ मध्ये साक्षांकित प्रती आणि प्रतिज्ञापत्रांऐवजी स्वयंघोषणा पुरेशी मानली, तरी झेरॉक्सचा संच काही हटला नाही. सहा पानांचा एक संच धरू. ७५ जीएसएमचा ए-फोर कागद एक पान साधारण पावणेपाच ग्रॅम भरतो. हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज आणि दोन सत्रं धरली की बारा हजार पानं, म्हणजे चोवीस रीम, छप्पन किलोच्या आसपास. आकडा ऐकायला मोठा नाही. पण हे छप्पन किलो कोणालाही नको असलेले आहेत. ते वाचवायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. एका परिपत्रकात एक ओळ लागते: अर्जाची छापील प्रत जमा करू नये.

आता उत्तरपत्रिका घ्या. बत्तीस पानी उत्तरपत्रिकेत सोळा कागद असतात, तिचं वजन पाऊणशे ग्रॅम धरायला हरकत नाही. एका सत्राला सहा पेपर, वर्षाला बारा. त्याच हजार विद्यार्थ्यांच्या बारा हजार उत्तरपत्रिका होतात आणि त्यांचं वजन नऊ क्विंटल. एका मध्यम कॉलेजाचं एका वर्षाचं. पाच जिल्ह्यांचा गुणाकार वाचकाने मनाशी करावा. या नऊ क्विंटलांत कोरी पानं किती असतात हे पेपर तपासणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. पुरवण्यांमधून होणाऱ्या गैरप्रकारांची कटकट नको म्हणून अनेक विद्यापीठांनी एकच जाड उत्तरपत्रिका आणली. निर्णयामागचं कारण खरं होतं. पण सर्व विषयांना एकच जाडी ठेवण्याचं कारण मला सापडत नाही. गणिताच्या विद्यार्थ्याला जेवढी पानं लागतात तेवढी वस्तुनिष्ठ प्रश्न असलेल्या पेपरला लागत नाहीत. कागद पुन्हा वापरात आणण्याची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे तो छापण्याआधीच कमी करणं, आणि ही संधी परीक्षा विभागाच्या हातात आहे, सफाई विभागाच्या नाही.

मग वाटतं, सगळं स्कॅन करून संगणकावर तपासलं की प्रश्न मिटेल. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये हे एकदम सर्व परीक्षांना लागू केलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. निकाल महिनोन्महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावं लागलं. त्या प्रकरणात नियोजनाच्या चुका किती आणि तंत्राच्या किती, हा वेगळा विषय. आपल्या विषयापुरतं एवढंच लक्षात घ्यायचं की स्कॅन करण्यासाठीही उत्तरपत्रिका आधी छापावीच लागते, लिहावीच लागते आणि नंतर सांभाळावीही लागते. पडद्यावर तपासणी झाली तर उत्तरपत्रिकांची ने-आण कमी होते, तपासणीवर देखरेख सोपी होते. कागद मात्र तेवढाच राहतो.

तर हा कागद साठतो. का साठतो, याचं उत्तर आळस असं दिलं जातं आणि ते अन्यायाचं आहे. तालुक्याच्या एखाद्या कॉलेजच्या कार्यालयातलं जुनं कपाट उघडून पाहिलं तर भीती दिसते. वरच्या खणात सुतळीने बांधलेले गठ्ठे, लाल फडक्यातली दप्तरं, त्यांवर शाईने लिहिलेलं आणि आता उडालेलं साल. मधल्या खणात परीक्षा अर्जांच्या दुय्यम प्रती, हजेरीपट, शिष्यवृत्तीच्या याद्या. खालच्या खणात कसर लागलेली बिलबुकं आणि एका कोपऱ्यात वाळवीने केलेली मातीची नळी, जी भिंतीतून थेट कागदात शिरलेली असते. यातलं नव्वद टक्के कोणी कधी मागणार नाही हे मोठ्या बाबूंना माहीत असतं. पण कोणतं दहा टक्के मागितलं जाईल हे माहीत नसतं. वीस वर्षांपूर्वी पास झालेल्या माणसाला नोकरीच्या पडताळणीसाठी टीसीची नोंद लागते, कोणी वेतननिश्चितीच्या वादात कोर्टात जातं, लेखापरीक्षक एखादं व्हाउचर मागतो. तेव्हा कागद नसला तर जबाबदारी ज्याने तो रद्दीत काढला त्याच्यावर येते. तो दहा वर्षं जास्त ठेवला म्हणून कोणालाही कधी नोटीस आलेली नाही. अशा व्यवस्थेत कोणताही समजदार माणूस कागद ठेवूनच देईल.

यावर इलाज आपल्याच राज्यात फार जुना आहे, हे सांगताना मला अभिमानही वाटतो आणि वाईटही वाटतं. महाराष्ट्राच्या महसूल कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत इंग्रजांच्या काळापासून सांगितली जाते. टेबलावरचा प्रत्येक कागद प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक अशा गठ्ठ्यांत विभागायचा, आणि त्यातला एक गठ्ठा केवळ नष्ट करायच्या कागदांचा. अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, मधे क वर्ग, आणि ड वर्ग एका वर्षात नष्ट करायचा. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातले जुने कागद वर्गवार लावले, नष्ट करायचे ते नष्ट केले, मोकळ्या झालेल्या जागेत कार्यालयाची मांडणी बदलली आणि तो प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून देशभर गाजला. त्या प्रयोगाची आठवण कार्यक्षमतेसाठी काढली जाते. कागदाच्या पुनर्वापराच्या दृष्टीनेही तो तितकाच मोलाचा होता, कारण कागद मोकळा करण्याचा निर्णय कोणीतरी नियमाला धरून आणि नावानिशी घेतला.

विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या कार्यालयांत ही शिस्त महसूल खात्याइतकी रुजली नाही. २००५ मध्ये राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आला आणि त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला. माहिती अधिकाराच्या कायद्याच्या चौथ्या कलमात अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याचा उलटा परिणाम झाला: कोणीही काहीही मागू शकतो, तर काहीच काढू नका. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की हा हक्क परीक्षा घेणाऱ्या संस्थेने नियमाने उत्तरपत्रिका जतन करण्याची जी मुदत ठरवली असेल तेवढ्या काळापुरताच आहे. हा अर्धा भाग कार्यालयांपर्यंत पोचला नाही. मुदत ठरवा, ती जाहीर करा, मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट करा, यात कायद्याची अडचण नाही. मुदत न ठरवण्यात मात्र आहे.

समजा निर्णय झाला. आता कागद विकायचा. इथे उत्तरपत्रिका आणि साधी रद्दी यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि व्हायलाच हव्यात. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचं अक्षर असतं, बैठक क्रमांक असतो, अर्जांवर तर नाव, पत्ता, मोबाइल नंबर, आधार, सही, फोटो सगळं असतं. हा कागद सुटा बाजारात गेला की तो कुठे पोचेल सांगता येत नाही. आपल्याकडे गिलावडा, आलूबोंडा, कचोरी बांधून द्यायला रद्दीचा कागद सर्रास वापरला जातो. छापील कागदात अन्न देऊ नये असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत घातलेलं आहे, कारण शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात. त्यात एखाद्या मुलीचा फोटो आणि नंबर असलेला अर्ज वड्याखाली आला, तर तो आरोग्याचा प्रश्न राहत नाही, त्या मुलीच्या सुरक्षिततेचा होतो. म्हणून गोपनीय कागद थेट कागद कारखान्याला द्यायचा, तोही आपल्या माणसासमोर लगद्याच्या टाकीत पडेल या अटीवर. कारखान्याकडून नष्ट केल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. कार्यालयातच यंत्राने पट्ट्या करणं सोयीचं वाटतं, पण त्यात तंतू तुटून आखूड होतात आणि कारखान्यात अशा कागदाला भाव कमी मिळतो. अगदी थोड्या गोपनीय कागदांसाठी ते यंत्र ठीक आहे, गाडीभर गठ्ठ्यांसाठी नाही.

साध्या रद्दीचं काम चांदूर-धामणगावसारख्या गावात कबाडीवाला करतो. त्याच्या दुकानात उभं राहून पाहावं असं ते काम आहे. कॉलेजमधून आलेला गठ्ठा तो उलगडतो आणि बोटांनी चाळत जातो. पांढरा, एका बाजूने लिहिलेला किंवा छापलेला कागद एकीकडे, त्याला सर्वांत चांगला भाव. रंगीत कागद आणि मासिकांचा चकचकीत कागद वेगळा. वह्या-पुस्तकं वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, गत्ता वेगळा. फायलींची प्लास्टिकची कव्हरं ओढून काढायची, स्पायरल उपसून काढायचं, लॅमिनेट केलेला कागद बाजूला टाकायचा कारण त्याचं काहीच होत नाही. एटीएमच्या चिठ्ठ्यांसारखा उष्णतेने छापला जाणारा कागद नको, कार्बनसारखा निळा होणारा नको. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना कारखान्यात चुंबकाने निघतात, त्यांची तो फिकीर करत नाही, चिकटपट्टीची करतो. कागदी चहाचा कप पाहिला की तो सरळ कचऱ्यात जातो, कारण आतून प्लास्टिकचा थर असतो. विद्यापीठाने प्लास्टिकचे कप बंद करून कागदी आणले की आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटतं. कबाडीवाल्याच्या हिशेबात दोन्हींची किंमत शून्य आहे. कपबशी धुवायला माणूस ठेवा. तो जास्त उपयोगी खर्च आहे.

हे हातांचं काम कार्यालयातच झालं तर रद्दीचा भाव वाढतो आणि तंतू वाया जात नाहीत. पण कार्यालयात ते कोणी करायचं? इथे महाराष्ट्राचा एक अनुभव असा आहे की जगात इतरत्र त्याचा दाखला दिला जातो, आणि तो एका विद्यापीठातूनच निघाला. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायकांच्या मुलांना शिकवायला वस्त्यांवर गेल्या. बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की मुलं उकिरड्यावर जातात कारण आईला एकटीला पुरेसं मिळत नाही, आणि पुरेसं मिळत नाही कारण तिला कालवलेल्या, कुजलेल्या कचऱ्यातून भंगार काढावं लागतं. घरातच सुका कचरा वेगळा ठेवला आणि तो थेट या बायकांना दिला तर? कोरेगाव पार्कात काही बायकांनी हे करून दाखवलं. मग एका खासगी कंत्राटदाराने गाडी लावून तोच कचरा उचलायला सुरुवात केली, बायकांनी विरोध केला आणि त्या लढ्यातून बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे २००८ मध्ये याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा उचलू लागली.

या पंचायतीसाठी एसएनडीटीने केलेल्या अभ्यासात, जो २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने झाला, एक वेचक दर महिन्याला २४६ रुपयांचं श्रमदान शहराला फुकट करते असा हिशेब मांडला होता. पालिकेला जो कचरा वाहून नेण्याचा खर्च आला असता तो या बायकांनी वाचवला होता. विद्यापीठाने कचऱ्यासाठी काय करावं असं कोणी मला विचारलं तर मी डब्यांआधी या अभ्यासाचं नाव घेतो. प्राध्यापकांनी आपल्याच शहरातल्या सर्वांत खालच्या मानल्या गेलेल्या कामाचा हिशेब मांडला आणि तो हिशेब घेऊन त्या बायका पालिकेच्या दारात उभ्या राहू शकल्या.  मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास कार्यक्रमातून याच धर्तीवर बायकांना प्रशिक्षण दिलं आणि मोठ्या संस्थांच्या आवारात कचऱ्याचं काम मिळवून दिलं. अमरावतीत किंवा चांदुरात एवढा मोठा समूह नसेल. पण ज्या बायका पहाटे रेल्वे स्टेशनच्या बाजूने पुठ्ठे आणि बाटल्या वेचत फिरतात त्या आहेतच, आणि विद्यापीठाच्या कागदाच्या निविदेत त्यांना कुठेही जागा नाही. निविदा सर्वाधिक बोलीची असते. अनामत रक्कम, जीएसटी नोंदणी, गाडी, सगळं मोठ्या व्यापाऱ्याच्या सोयीचं.

कारखान्यात काय होतं ते थोडक्यात. रद्दीच्या दाबून बांधलेल्या गाठी पाण्याच्या मोठ्या टाकीत घुसळतात, लगदा होतो, चाळण्यांतून आणि चुंबकातून कचरा निघतो, शाई फेसावर काढली जाते किंवा तशीच राहू देऊन खाकी कागद केला जातो. तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतो, म्हणून पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागदाच्या उपयोगाचा राहत नाही आणि नवा तंतू मिसळावाच लागतो. भारतात बनणाऱ्या कागदापैकी दोन तृतीयांशाहून जास्त आज रद्दीपासून होतो, आणि तरीही देश बाहेरून रद्दी आयात करतो, कारण आपण घरची पुरेशी गोळा करत नाही. चीनने २०१८ पासून न निवडलेली कागदी रद्दी घ्यायला नकार दिला तेव्हा जगातली रद्दी दुसरी बंदरं शोधू लागली आणि भारताकडेही वळली. त्या धक्क्यांचा परिणाम चांदूरच्या कबाडीवाल्याच्या भावावर होतो. परदेशी रद्दी स्वस्त झाली की इथल्या कॉलेजचा गठ्ठा उचलायलाही कोणी येत नाही. भाव पडला की निविदेला प्रतिसाद येत नाही, निविदा रद्द होते, आणि कागद पुन्हा कपाटावर जातो.

नव्या तंतूची बाजूही आपल्याला जवळची आहे. बल्लारपूरचा कागद कारखाना चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर उभा राहिला. विदर्भातल्या कित्येक पिढ्यांनी ज्या कागदावर लिहिलं तो त्या जंगलातून आला. त्या बांबूवर गावाचा हक्क मान्य व्हायला मेंढा-लेखासारख्या गावाला वनहक्क कायद्यानंतर २०११ पर्यंत झगडावं लागलं. उत्तरपत्रिकेतलं कोरं पान त्या बांबूपर्यंत जाऊन पोचतं, एवढं लक्षात असलं तरी परीक्षा विभागाची पानं मोजायची पद्धत बदलेल. पऱ्हाटीपासून लगदा आणि फळ्या करण्याचं तंत्र कापूस संशोधनाने केव्हाच तयार केलं आहे. वऱ्हाडात दरवर्षी शेतात जाळली जाणारी पऱ्हाटी पाहिली की वाटतं, आपल्या विद्यापीठाच्या वह्या आपल्याच शेतातून येऊ शकल्या असत्या. त्यासाठी गोळा करण्याची आणि वाहतुकीची साखळी उभी राहायला हवी; अजून ती उभी नाही.

चांदूरहून रेल्वेने पूर्वेला निघालं की धामणगाव, पुलगाव आणि मग वर्धा. १९३४ मध्ये तिथे मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. हातकागद हा तिथल्या उद्योगांपैकी एक होता: चिंध्या, रद्दी, गवत यांपासून लगदा करून साच्यावर एकेक ताव उचलायचा. गांधीजी आलेल्या पाकिटांच्या आतल्या बाजूला आणि पत्रांच्या पाठकोऱ्या भागावर मसुदे लिहीत, हे सर्वांना माहीत आहे. त्याच प्रेरणेतून १९४० मध्ये पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था उभी राहिली, ती सुती चिंध्यांपासून कागद करत आली. पुढे सांगानेरला राष्ट्रीय हातकागद संस्था निघाली तिला कुमारप्पांचंच नाव दिलं गेलं. मी इथे जुन्या काळाच्या ओढीने हे लिहीत नाही. हातकागदाने विद्यापीठाचा नऊ-नऊ क्विंटलांचा हिशेब सुटणार नाही, तो कारखान्यातच सुटेल. पण फायलींची कव्हरं, निमंत्रणं, प्रमाणपत्रं, स्वागताचे गुच्छ गुंडाळायचा कागद एवढं वर्ध्यातल्या किंवा पुण्यातल्या हातकागदाचं असायला काहीच हरकत नाही. लॅमिनेट केलेलं सन्मानपत्र शंभर वर्षं कुजत नाही आणि पुन्हा कागदही होत नाही.

ई-कचऱ्याची गाठ वेगळी आहे. प्रत्येक कॉलेजात एक खोली असते जिथे जाड पाठीचे जुने मॉनिटर, तुटलेले कीबोर्ड, प्रिंटर आणि फुगलेल्या बॅटरीचे यूपीएस रचून ठेवलेले असतात. ते डेडस्टॉक रजिस्टरवर असतात. रजिस्टरवरून कमी करायचं म्हणजे निर्लेखन: समिती, तपासणी, किंमत ठरवणं, मंजुरी, लिलाव. लिलाव जास्त बोली लावणाऱ्याला. इकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत म्हटलं आहे की एका वर्षात हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थेने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यावा. विद्यापीठ या व्याख्येत बसतं. सर्वाधिक बोली लावणारा बहुधा नोंदणीकृत नसतो, कारण तारा जाळून तांबं काढणाऱ्याला शुद्धीकरणाचा खर्च नसतो आणि तो जास्त बोली लावू शकतो. म्हणून निविदेतच पात्रतेची अट घालायला हवी आणि थोडी कमी रक्कम स्वीकारण्याची तयारी हवी. लेखापरीक्षणाच्या वेळी कमी का घेतले या प्रश्नाला नियमाचा क्रमांक दाखवायचा. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या डब्यात फोडून टाकू नयेत. टोनरची काडतुसं अमरावतीत पुन्हा भरून मिळतात, ते चांगलंच आहे. ओल्या कचऱ्याचं आणि कॅन्टीनचं मी इथे लिहीत नाही; खतासाठी आवारात जागा आहे, पद्धती सिद्ध आहेत, माणूस नेमायचा एवढंच उरतं.

आज बहुतेक कॉलेजांना कचऱ्याची आठवण नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी होते. त्यासाठी कचरा व्यवस्थापनाची माहिती द्यावी लागते: घन, द्रव, ई-कचरा, पुनर्चक्रणाची सोय, छायाचित्रांसह. हरित लेखापरीक्षणाचा अहवाल जोडावा लागतो. यामुळे निदान प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण अहवालात किती किलो कागद कोणत्या तारखेला कोणाला दिला आणि त्याचं पुढे काय झालं, याचा रकाना नसतो. तपासणीपुरतं काम किती टिकतं हे गावांतही दिसलं. २०००-०१ मध्ये राज्यात सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाने गावं चढाओढीला लावली आणि कित्येक गावांचा चेहरा बदलला. स्पर्धेचं वर्ष संपल्यावर मात्र जिथे दर आठवड्याला झाडणारे हात ठरलेले होते तिथेच ते टिकलं. गाडगेबाबा स्वतः शेंडगावचे, याच जिल्ह्याचे. कीर्तनाच्या गावी पोचल्यावर ते आधी खराटा हातात घेत आणि लोक जमले की त्यांनाही कामाला लावत. त्यांचं नाव असलेल्या विद्यापीठाकडून झाडण्याच्या कामाला प्रतिष्ठा मिळावी, ही अपेक्षा मला भाबडी वाटत नाही. आणि प्रतिष्ठा म्हणजे सत्कार नव्हे, ठरलेली मजुरी, हातमोजे, बसायला सावली आणि निवडलेल्या कागदाच्या भावातला वाटा.

चांदूर रेल्वेपुरतं बोलायचं तर यातलं बरंच काही या उन्हाळ्यातच करता येईल. परीक्षा विभागाने जतनाच्या मुदतीचा एक तक्ता काढून तो सर्व कॉलेजांना पाठवावा: परीक्षा अर्ज इतकी वर्षं, अंतर्गत गुणांच्या याद्या इतकी, झेरॉक्स संच शून्य. प्रत्येक कॉलेजात तीन माणसांच्या समितीने मे महिन्यात कपाटं उघडावीत, ठेवायचं ते सूचीत घालावं, नष्ट करायचं ते यादी करून बाजूला काढावं आणि त्या यादीवर प्राचार्यांची सही घ्यावी, म्हणजे पुढे बाबूंच्या गळ्यात काही येणार नाही. एकट्या कॉलेजचा माल कारखान्यापर्यंत न्यायला परवडत नाही. चांदूर, धामणगाव आणि तिवसा तालुक्यांतल्या कॉलेजांनी एकच गाडी ठरवली तर परवडतो. गोपनीय गठ्ठे शिक्का मारून वेगळे, ते थेट लगद्याला. साधा कागद कॉलेजच्याच एखाद्या रिकाम्या खोलीत निवडायचा आणि निवडायला नगर परिषदेच्या सफाई कामगारांच्या घरातल्या किंवा स्टेशनलगत वेचणाऱ्या बायकांना रोजाने बोलवायचं. पांढरा कागद वेगळा निघाला तर जो जादा भाव मिळेल तो त्यांना द्यायचा, हे आधीच लिहून ठेवायचं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी वजनकाट्यावर उभं राहून नोंद ठेवावी: तारीख, वर्ग, किलो, कोणाला दिलं, किती मिळाले. ती वही कॉलेजच्या सूचनाफलकाशेजारी टांगलेली असावी, म्हणजे पुढच्या वर्षी नॅकचे लोक आले किंवा न आले तरी कोणालाही ती उघडून पाहता येईल.